डेटा सेंटरचा प्रस्ताव गावात आला तर : गोव्यातील ग्रामस्थांसाठी मार्गदर्शक

मोठ्या प्रकल्पांना विरोध करणे गोव्याला नवे नाही. फोंडा तालुक्यातील केरीचा नायलॉन ६,६ प्रकल्प नव्वदच्या दशकात लोकांच्या रेट्यापुढे राज्याबाहेर गेला, जमीनवापर ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ हा जानेवारी २००७ मध्ये रद्द झाला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीतील मेळावलीतून आयआयटी मागे घ्यावी लागली. या सर्व लढ्यांत धोका काय आहे हे सांगण्यासाठी फारसा खटाटोप करावा लागला नाही, कारण रसायने, खाण किंवा बळकावली जाणारी बागायत डोळ्यांना दिसते. डेटा सेंटरच्या बाबतीत तसे होत नाही. बाहेरून पाहिले तर ती खिडक्या नसलेली, गोदामासारखी शांत दिसणारी इमारत असते, तिला धुराडे नसते आणि ‘माहिती तंत्रज्ञान’ या प्रतिष्ठित नावाखाली ती येते. त्यामुळे ‘हा तर स्वच्छ उद्योग, याला विरोध कशाला’ हा प्रश्न ग्रामसभेत सर्वांत आधी गावातीलच कोणीतरी विचारतो.

हा विषय आता भारतीय किनाऱ्यापर्यंत पोचला आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ५ मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवणुकीची घोषणा केली. असे प्रस्ताव आपल्याकडे यावेत म्हणून राज्याराज्यांत चढाओढ आहे आणि गोवा त्यातून कायमचा बाहेर राहील असे मानण्याचे कारण नाही.

या लेखाचा भर एका गोष्टीवर आहे. डेटा सेंटरसाठी एकच मोठी जनसुनावणी होईल, तिथे सारे गाव जाऊन बोलेल आणि निकाल लागेल, असे बहुधा घडत नाही. परवानगी तुकड्यातुकड्यांनी, जमीन, वीज, पाणी, बांधकाम आणि प्रदूषण अशा वेगवेगळ्या टेबलांवर मिळत जाते. म्हणून हरकतही त्या प्रत्येक टेबलावर, मुदतीत आणि लेखी पोचली पाहिजे.

आधी यंत्र समजून घ्यावे

डेटा सेंटरचा आकार एकरांत सांगितला जातो, पण त्याचे खरे माप मेगावॉटमध्ये असते. संगणकांसाठी १०० मेगावॉट लागणारे केंद्र घेतले, तर थंडावा आणि इतर यंत्रणा धरून एकूण मागणी सहज १३० ते १४० मेगावॉटपर्यंत जाते. संपूर्ण गोव्याची कमाल वीजमागणी अजून हजार मेगावॉटच्या आत आहे, राज्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही आणि बहुतांश वीज बाहेरून येते. म्हणजे एकच ग्राहक राज्याच्या कमाल मागणीच्या सातव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून जास्त वीज, तीही चोवीस तास, मागणार आहे. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या एकूण विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरनी वापरली आणि डब्लिन परिसरात नव्या जोडण्यांवर निर्बंध आणावे लागले. छोट्या प्रदेशात मोठा ग्राहक आला की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

पाण्याचा हिशेब गावात फळ्यावर मांडून दाखवता येतो. बाष्पीभवनाने थंड होणाऱ्या केंद्रासाठी अभ्यासक ढोबळ सरासरी म्हणून दर युनिट विजेमागे १.८ लिटर पाणी धरतात. १०० मेगावॉटचे केंद्र दिवसाला २४ लाख युनिट वापरते, म्हणजे सुमारे ४३ लाख लिटर पाणी. माणशी रोजचे १३५ लिटर धरले, तर हे जवळजवळ ३२ हजार लोकांचे पाणी होते. हा आकडा अंतिम मानू नये. कंपनी हवेने थंड होणारी यंत्रणा वापरणार असेल तर पाणी बरेच कमी लागते, पण वीज जास्त लागते. गोव्याच्या दमट हवेत बाष्पीभवनाची परिणामकारकता तशीही कमी असते. कंपनीचा प्रतिनिधी ‘आम्ही पाणी फारच कमी वापरतो’ असे सांगू लागला की त्याच श्वासात विजेचा आकडा विचारावा, आणि विजेची कार्यक्षमता सांगू लागला की पाण्याचा. दोन्ही आकडे एकाच कागदावर, एप्रिल आणि मे महिन्यांसाठी स्वतंत्रपणे लिहून मागावेत.

आवाजाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि प्रकल्प उभा राहिल्यावर शेजाऱ्यांची तक्रार त्याचीच असते. छतावरील पंखे आणि शीतकरण यंत्रे रात्रंदिवस घुमत राहतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री निवासी क्षेत्रात ४५ डेसिबल आणि औद्योगिक क्षेत्रात ७० डेसिबल ही मर्यादा आहे. जमीन औद्योगिक म्हणून नोंदवली गेली की कुंपणावर ७० चा नियम लावला जातो, मग पलीकडच्या वाड्यावर झोप उडालेली असली तरी चालते. म्हणून मोजमाप सर्वांत जवळच्या घराच्या अंगणात, रात्री, आणि प्रकल्प येण्याआधी झाले पाहिजे. शिवाय वीज गेली तर केंद्र चालू ठेवण्यासाठी डिझेल जनरेटरचा मोठा ताफा असतो. तो ठरावीक काळाने चालवून तपासला जातो आणि त्यासाठी डिझेलचा मोठा साठा आवारातच ठेवावा लागतो.

जमीन ओळखावी, आणि ती लवकर ओळखावी

प्रकल्पाची पहिली चाहूल क्वचितच जाहिरातीतून लागते. कोणीतरी भाटकाराकडे (जमीनमालकाकडे) चौकशीला येतो, मोजणीचे लोक सड्यावर (खडकाळ पठारावर) दिसतात, कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) बैठकीत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा विषय निघतो. अशा वेळी पहिले काम सर्वे क्रमांक मिळवण्याचे. क्रमांक हाती आला की नमुना एक व चौदाचा उतारा काढावा, त्यातील कूळ आणि इतर हक्कांचे रकाने नीट वाचावेत, सर्वे नकाशा घ्यावा आणि प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जमीन कोणत्या विभागात (झोनमध्ये) दाखवली आहे ते पाहावे. भातशेती, बागायत, नैसर्गिक आच्छादन, विकासास मनाई असलेला उतार किंवा वसाहत यांपैकी नोंद कोणती आहे, यावर पुढची सारी दिशा ठरते.

वसाहत किंवा औद्योगिक विभागाबाहेरील जमिनीवर प्रकल्प आणायचा तर विभागबदल करावा लागतो, आणि विरोधाची सर्वांत मजबूत जागा तीच आहे. नगर व ग्रामनियोजन कायदा १९७४ मध्ये गेल्या काही वर्षांत भूखंडापुरता बदल करण्याच्या तरतुदी घातल्या गेल्या. त्यांपैकी कलम १७(२) खालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-अ खाली प्रस्तावित बदल राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. राजपत्र दर गुरुवारी निघते. गावातील एका विश्वासू व्यक्तीला दर आठवड्याला ते उघडून आपल्या आणि शेजारच्या महसुली गावांचे सर्वे क्रमांक तपासण्याचे काम नेमून द्यावे. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर ३० दिवस संपल्यावरच गावाला बातमी कळते.

अमेरिकेत व्हर्जिनियातील प्रिन्स विल्यम काउंटीत भव्य डेटा सेंटर संकुलासाठी झालेला विभागबदल न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्दबातल ठरवला. कारण जाहीर नोटीस नियमाप्रमाणे दिली गेली नव्हती. तिथले कायदे वेगळे असले तरी नोटिशीची तारीख, वृत्तपत्राचे कात्रण आणि फलकावर कागद लावल्याचे छायाचित्र जपून ठेवण्याचे महत्त्व इथेही तितकेच आहे.

जमीन औद्योगिक वसाहतीत असेल तर मार्ग बदलतो. तिथे नियोजनाचे अधिकार औद्योगिक विकास महामंडळाकडे असतात आणि गुंतवणूक प्रोत्साहन मंडळ मोठ्या प्रस्तावांना हात देते. गुंतवणूक प्रोत्साहन कायद्याखाली एखादी जागा ‘गुंतवणूक प्रोत्साहन क्षेत्र’ म्हणून घोषित होऊ शकते, म्हणून या मंडळाच्या बैठकांच्या इतिवृत्तांवर नजर ठेवावी. सरकारने जमीन संपादन करून दिली तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. त्यात सामाजिक परिणाम अभ्यास आहे, खासगी कंपनीसाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकारी-खासगी भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची संमती लागते, आणि प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. कंपन्या थेट खरेदी का पसंत करतात, हे यावरून लक्षात येईल.

माहिती अधिकाराचे अर्ज

अर्ज एकाच खात्याकडे करून थांबू नये. नगर व ग्रामनियोजन खाते, पंचायत, वीज खाते, पाणीपुरवठा आणि जलस्रोत खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महामंडळ आणि गुंतवणूक मंडळ यांना एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज द्यावेत. शुल्क १० रुपये असते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

अर्जात ‘प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. कागदाचे नाव घेऊन मागावे: अमुक सर्वे क्रमांकाच्या फाईलची टिपणांसह प्रत, कंपनीने वीज खात्याकडे केलेल्या जोडणीच्या अर्जाची प्रत आणि मागितलेला भार, पाण्याची मागणी दिवसाला किती घनमीटर, स्रोत कोणता, जनरेटरची संख्या व क्षमता, सरकारने देऊ केलेल्या सवलतींचा आदेश आणि सामंजस्य कराराची प्रत. फाईल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही याच अर्जात करावी, कारण फाईलमधील टिपणे पुष्कळदा कराराहून अधिक बोलकी असतात.

‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार येईल हे गृहीत धरावे. कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये ती सवलत आहे, पण व्यापक सार्वजनिक हित असेल तर माहिती द्यावी असेही त्याच कलमात लिहिले आहे. अपिलात पिण्याच्या पाण्याचा मुद्दा पुढे करावा. अमेरिकेतील ओरेगन राज्यात द डॅल्स या छोट्या शहराने गूगलचा पाणीवापर गुपित असल्याचा दावा करून एका वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. २०२२ च्या अखेरीस शहराने माघार घेतली, आणि उघड झालेल्या आकड्यांतून शहराच्या पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी एकटी कंपनी वापरत असल्याचे दिसले. उरुग्वेमध्येही न्यायालयाच्या आदेशानंतरच दिवसाला ७६ लाख लिटरची मागणी जनतेसमोर आली. दोन्ही ठिकाणी लोकांना गोळा करण्याचे काम भाषणांपेक्षा या आकड्यांनी जास्त केले.

पर्यावरण परवानगी : जनसुनावणीच्या आशेवर राहू नये

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत डेटा सेंटर असा स्वतंत्र प्रकार नाही. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा अधिक असेल तर ते ‘इमारत व बांधकाम प्रकल्प’ म्हणून राज्य पातळीवरील प्राधिकरणाकडे जाते. या वर्गातील २० हजार ते दीड लाख चौरस मीटरच्या प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. याचा अर्थ असा की खाणीच्या किंवा कारखान्याच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत मांडव घालून जी सुनावणी होते, ती इथे बहुधा होणारच नाही. २० हजारांच्या आत दोन-तीन इमारती वेगवेगळ्या नावांनी दाखवून पर्यावरण परवानगीच टाळण्याचा प्रयत्न होत नाही ना, हेही पाहावे लागेल. त्यासाठी शेजारच्या भूखंडांचे मालक आणि संचालक यांची नावे जुळवून पाहावीत.

केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पर्यावरण परवानग्यांच्या संकेतस्थळावर अर्ज दाखल झाला की तो दिसतो. त्यातील माहितीची तुलना माहिती अधिकारातून मिळालेल्या कागदांशी करावी. वीज खात्याला सांगितलेला भार एक, प्राधिकरणाला सांगितलेला दुसरा, आणि जागेवर असलेली तळी, झरी किंवा देवराई अर्जात ‘नाही’ म्हणून खूण केलेली, अशी विसंगती मिळाली तर ती पुराव्यांसह प्राधिकरणाच्या तज्ज्ञ समितीला बैठकीपूर्वी लेखी कळवावी. सुनावणी नसली तरी निवेदन देण्यास कोणी अडवू शकत नाही आणि पुढे न्यायालयात ‘आम्ही वेळेवर निदर्शनास आणले होते’ असे म्हणता येते.

ग्रामसभा आणि पंचायत

गोव्यात ग्रामसभेच्या सर्वसाधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांतील रविवारी होतात. पंचायत क्षेत्रातील प्रत्येक मतदार हा तिचा सदस्य असतो. या बैठकांना चाळीस-पन्नास माणसे येतात आणि चहापर्यंत थांबणारी त्याहून कमी, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून ठराव बैठकीच्या दिवशी सुचवण्याऐवजी आधीच लेखी स्वरूपात सचिवांकडे देऊन, पोच घेऊन, विषयपत्रिकेवर आणावा. प्रत्येक वाड्यावरून दहा-बारा माणसे येतील अशी व्यवस्था करावी आणि त्यात स्त्रिया असाव्यात, कारण विहिरीच्या पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात किती खाली जाते हे बहुतेक घरांत त्याच नेमके सांगू शकतात.

ठरावाची भाषा महत्त्वाची आहे. ‘ग्रामसभा या प्रकल्पाचा तीव्र निषेध करते’ हे वाक्य वर्तमानपत्रासाठी ठीक आहे, कार्यालयासाठी निरुपयोगी. ठरावात सर्वे क्रमांक, विभागाची सध्याची नोंद, पाण्याचे जवळचे स्रोत, सर्वांत जवळच्या घराचे अंतर आणि स्पष्ट मागणी यांचा उल्लेख हवा. उदाहरणार्थ, पंचायतीने बांधकाम परवान्याचा अर्ज आल्यास तो ग्रामसभेसमोर ठेवल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि नियोजन खात्याला विभागबदलास हरकत कळवावी. ठराव वाचून दाखवला जाईपर्यंत आणि इतिवृत्तात त्याची नोंद नेमकी कशी झाली हे पाहिल्याशिवाय बैठक सोडू नये. आठवडाभरात प्रमाणित प्रत मागावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. ग्रामसभेचा ठराव एकट्याने प्रकल्प रोखत नाही. बांधकाम परवाना पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खाली पंचायत मंडळ देते आणि पंचायतीने नाकारला तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जातो. तिथे गावाच्या बाजूने कोणी हजर नसले तर निर्णय सहसा अर्जदाराच्या बाजूने लागतो. म्हणून अशा अपिलात पंचायत खरोखर बाजू मांडते आहे की नुसती तारीख घेते आहे, याची चौकशी गावाच्या आंदोलन समितीने करावी आणि ग्रामस्थांना हस्तक्षेप अर्ज करू द्यावा अशी मागणी करावी. सरपंच आणि पंचांना शत्रू ठरवण्याची घाई करू नये. त्यांच्यावर वरून येणारा दबाव खरा असतो, आणि हातात ठराव असलेला पंच त्या दबावाला तोंड देऊ शकतो.

सडा, झरी आणि पाण्याचा पुरावा

डेटा सेंटरला सपाट, मोकळी आणि पुरापासून उंचावरची जागा हवी असते. गोव्यात अशी जागा म्हटली की नजर जांभ्या दगडाच्या सड्यांवर जाते, मग ते पेडण्यात असोत, डिचोलीत, धारबांदोड्यात की केप्यात. सरकारी कागदात हे सडे ‘ओसाड’ दिसतात. प्रत्यक्षात जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. त्या झरीवर खालची कुळागरे (पोफळी-माडांच्या बागा), वायंगणी (पावसाळ्यानंतरची) शेती आणि वाड्यांच्या विहिरी चालतात. सड्यावर कित्येक हेक्टर काँक्रीट घातले तर पाणी मुरणे थांबते, आणि त्याच सड्यावर कूपनलिका खोदल्या तर फटका दोन बाजूंनी बसतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात मे महिन्यात टँकर का फिरतात, याच्या उत्तराचा बराच भाग या सड्यांत आहे.

हे सिद्ध करायचे तर पुरावा गावालाच तयार करावा लागेल. पायथ्याच्या प्रत्येक झरीची आणि विहिरीची यादी करावी, ठिकाण मोबाईलवर नोंदवावे, आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर पंधरवड्याला पाण्याची पातळी दोरीने मोजून तारीख-वेळेसह वहीत लिहावी. झरीचा प्रवाह मोजायला ठरावीक मापाची बादली आणि मोबाईलवरील घड्याळ पुरते. दोन माणसांची सही असावी. एका उन्हाळ्याची अशी वही कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी पडते. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला ही माहिती जैवविविधता नोंदवहीत घालायला लावावी, म्हणजे तिला अधिकृत कागदाचे रूप येते. पाणथळ जागा असल्यास राज्य पाणथळ प्राधिकरणाला, खासगी वनाची शक्यता असल्यास वन खात्याला कळवावे. गावडा, कुणबी, वेळीप समाजाच्या वाड्यांनी वनहक्क कायद्याखाली दावे केले असतील तर त्यांच्या प्रतीही या फाईलमध्ये असाव्यात.

कंपनी नळाचे पाणी घेणार असेल तर प्रश्न गावापुरता राहत नाही. ओपा, साळावली किंवा तिळारीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या सर्व पंचायतींचा तो प्रश्न होतो, आणि त्यांना सोबत घेणे हाच लढा मोठा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. चिलीची राजधानी सांतियागो इथे स्थानिक रहिवाशांनी गूगलच्या केंद्राच्या परवान्यातील सेकंदाला १६९ लिटर पाण्याची तरतूद उघड करून लावून धरली. पर्यावरण न्यायालयाने २०२४ च्या सुरुवातीला परवानगी अंशतः मागे घेतली आणि कंपनीने हवेने थंड होणाऱ्या यंत्रणेसह नव्याने प्रक्रिया करण्याचे ठरवले.

विजेची तार कुठून येणार

एवढा भार वाहून नेण्यासाठी नवे उपकेंद्र आणि उच्चदाब वाहिनी लागते, आणि ती प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर, दुसऱ्याच कोणाच्या बागायतीतून किंवा जंगलातून जाते. गोव्यात वीज आणणाऱ्या तमनार वाहिनीचा आणि सांगोड येथील उपकेंद्राचा वाद, मोलेच्या जंगलासाठी २०२० पासून चाललेली मोहीम, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा मार्ग पाडण्याऐवजी जुन्या वाहिनीच्या पट्ट्याचा वापर करण्याबाबत दिलेला निर्देश हा सारा इतिहास इथे कामाला येतो. प्रकल्पासोबत वाहिनीचा नकाशाही मागावा आणि तो ज्या गावांतून जातो तिथे लगेच माणसे पाठवावीत.

दुसरी, फारशी वापरली न जाणारी जागा म्हणजे संयुक्त वीज नियामक आयोग. वीज खाते दरनिश्चितीचा अर्ज करते तेव्हा आयोग लोकांच्या हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. एका ग्राहकासाठी उभारल्या जाणाऱ्या वाहिन्यांचा खर्च घरगुती ग्राहकांच्या बिलात येणार का, हा प्रश्न तिथे विचारता येतो, आणि तो विचारल्यावर शहरातील ग्राहकही जागा होतो.

गावात एकमत कसे करावे

सर्वांत आधी समितीने स्वतःची भूमिका ठरवावी: प्रकल्प नकोच, की या जागी नको, की कडक अटींवर चालेल. तिन्ही भूमिका प्रामाणिक असू शकतात, पण एकाच निवेदनात तिन्ही आल्या तर अधिकारी त्यांतली सोयीची निवडतो. माझे मत असे की पाण्याच्या सड्यावर ‘नकोच’ म्हणावे आणि बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर अटींची चर्चा करावी. सरसकट विरोध केला की विरोधक मोबाईल वापरणे सोडणार का, असा खोचक प्रश्न येतो आणि चर्चा तिथेच भरकटते.

नोकऱ्यांचा मुद्दा टाळू नये. बांधकामाच्या काळात मजूर आणि ट्रक यांना काम मिळते, पण चालू झालेले केंद्र त्याच्या गुंतवणुकीच्या मानाने फारच थोड्या कायमस्वरूपी नोकऱ्या देते. किती, कोणत्या शिक्षणाच्या, कोणत्या वर्षापासून आणि स्थानिकांसाठी किती, हे कंपनीने सहीनिशी लिहून द्यावे अशी मागणी ट्रकमालक आणि बेकार तरुणांसमोरच करावी. त्या मागणीला बहुधा उत्तर येत नाही, आणि उत्तर न येणे त्यांनीच पाहिलेले बरे.

कागद सारे इंग्रजीत असतात. त्यांचा दोन पानी सारांश मराठीत आणि देवनागरी कोकणीत काढावा, सासष्टी-मुरगावकडे रोमी (रोमन लिपीतील) कोकणीतही. मंदिराच्या सभागृहात आणि चर्चच्या सभागृहात, दोन्हीकडे बैठक व्हावी. राजकीय पक्षांचे लोक येतील, त्यांना बोलू द्यावे, पण समितीचे व्यासपीठ आणि बँक खाते त्यांच्याकडे देऊ नये. वर्गणीची पावती द्यावी, दरमहा हिशेब फलकावर लावावा आणि परदेशी देणगी घेऊ नये. पैशाच्या एका संशयाने फुटलेली आंदोलने गोव्यात कमी नाहीत.

रस्त्यावर उतरण्यापूर्वी

मोर्चा आणि धरणे यांची पूर्वसूचना पोलिसांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी लागू आहे का, हे आदल्या दिवशी तपासावे. रस्ता अडवला की विषय डेटा सेंटरचा न राहता अडकलेल्या रुग्णवाहिकेचा होतो. मोजणीचे अधिकारी आले तर त्यांना हात लावू नये. आदेशाची प्रत मागावी, नावे व वेळ लिहून घ्यावी, सारे चित्रित करावे आणि कोणते कूळ किंवा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) तिथे आहे ते त्यांच्या पंचनाम्यात लिहायला लावावे. समाजमाध्यमांवर अधिकाऱ्यावर किंवा कंपनीच्या माणसावर लाचखोरीचा आरोप पुराव्याशिवाय केला तर अब्रुनुकसानीची नोटीस येते आणि समितीचा वेळ व पैसा तिथेच जातो.

न्यायालय

पर्यावरण परवानगी मिळाल्यास राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद होते. विभागबदल, पंचायत किंवा भूसंपादन यांतील बेकायदेशीरपणासाठी पर्वरीच्या उच्च न्यायालयात याचिका करता येते. वकिलाकडे जाताना तारखांच्या क्रमाने लावलेली फाईल असावी: राजपत्र, नोटिसा, ग्रामसभेचे ठराव, हरकतींच्या पोच, पाण्याची वही. पोच नसलेली हरकत न दिल्यासारखीच.

न्यायालयाकडून काय मिळते याविषयी भ्रम नसावा. मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये माहिती दडवल्याच्या कारणावरून पर्यावरण परवानगी स्थगित केली, पुनर्विचार झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रक्रियेतील चूक दाखवून वेळ मिळतो, पण प्रक्रिया दुरुस्त करून प्रकल्प परत येऊ शकतो. मिळालेला वेळ लोकांना जोडण्यासाठी वापरला तर निकाल राजकीय पातळीवर लागतो. नेदरलँड्समधील झेवोल्डे येथे फेसबुकच्या मूळ कंपनीचा महाकाय प्रकल्प २०२२ मध्ये स्थानिक निवडणुकीत विरोधक निवडून आल्यावर बारगळला, आणि ॲरिझोनातील टक्सन शहराच्या परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नागरिकांच्या भरगच्च सभांनंतर अशा प्रकल्पासाठीची जमीन शहरात समाविष्ट करण्यास एकमताने नकार दिला.

प्रकल्प ‘रद्द’ झाल्यावर

मुख्यमंत्र्यांनी किंवा मंत्र्यांनी पत्रकारांसमोर केलेली घोषणा हा आदेश नव्हे. विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द केल्याची घोषणा २००७ मध्ये झाली, पण त्यांना दिलेल्या जमिनींचा प्रश्न सुटायला २०१८ उजाडले आणि सरकारला कंपन्यांना व्याजासह अडीचशे कोटी रुपयांहून अधिक परत करावे लागले. म्हणून घोषणेनंतरच्या आठवड्यातच समितीने लेखी मागणी करावी की विभागबदल मागे घेतल्याची अधिसूचना राजपत्रात यावी, महामंडळाने भूखंड दिला असल्यास वाटप रद्द केल्याचा आदेश निघावा, वीज आणि पाण्याच्या मंजुऱ्या मागे घ्याव्यात, परिवेशवरील अर्ज मागे घेतल्याची नोंद दिसावी आणि भूसंपादनाची अधिसूचना निघाली असल्यास ती रद्द व्हावी. यांतील प्रत्येक कागदाची प्रमाणित प्रत पंचायतीच्या दप्तरात आणि समितीच्या फाईलमध्ये येईपर्यंत समिती विसर्जित करू नये.